जीपगाडीचा कुरकुरणारा धक्काशोषक : कारणे, परीक्षा व दुरुस्ती

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. रामनवमीस येथे दूरदूरच्या गावांहून भाविक येतात. परंतु वर्षाच्या इतर दिवसांत या गावच्या रस्त्यांवरून जी वाहतूक चालते ती मुख्यतः शेतीची असते. कापूस, सोयाबीन, तूर, ऊस आणि मोसंबी ही या भागातील महत्त्वाची पिके होत. मळ्यातून डांबरी रस्त्यापर्यंत माल आणण्याचा मार्ग म्हणजे काळ्या मातीतील पांदण. पावसाळ्यात या मातीत चाके रुततात. पावसाळा सरला की त्याच चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कठीण होतात, आणि उन्हाळ्यात जमिनीस भेगा पडतात. अशा वाटेवर पूर्वी फक्त बैलगाडी चाले. आज तिच्या जोडीला जीप व पिकअप जातीच्या गाड्या आल्या आहेत.

जीप ही मुळात युद्धासाठी बनविलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ती सैन्यासाठी तयार केली. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजनेचा प्रारंभ झाला, आणि विकास गटाची जीप खेड्यापाड्यांतून फिरू लागली. बियाणे, खते, औषधे व माहिती घेऊन येणारी ही गाडी त्या पिढीतील शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीची होती. आज ती अधिकाऱ्याची राहिलेली नाही. जुनी जीप किंवा तिच्याच घडणीची मालगाडी अनेक शेतकऱ्यांच्या वाड्यासमोर उभी असते. यास्तव तिची जोपासना हा आता शेतीच्या अवजारांच्या जोपासनेचाच एक भाग झाला आहे.

या लेखात तिच्या एकाच भागाचा विचार करावयाचा आहे. तो भाग म्हणजे धक्काशोषक. गावात यास 'शॉकअप' म्हणतात.

लेखकाची एक चूक

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी आंबे बहराच्या मोसंबीच्या काढणीपूर्वी मी एका शेतकरी बंधूंच्या मालगाडीतून त्यांच्या मळ्यावर गेलो होतो. मागील डाव्या चाकापाशी एकसारखी कुरकुर चालली होती. खाली वाकून पाहिले तेव्हा धक्काशोषकाच्या खालच्या टोकातून आवाज येतो असे दिसले. मी लहानपणापासून बैलगाडी पाहिलेली. आख कुरकुरू लागला की त्यास वंगण द्यावयाचे, हे घरातील लहान मुलासही ठाऊक असते. त्याच समजुतीने मी म्हणालो, "थोडे इंजिनाचे तेल सोडा, आवाज बंद होईल." त्यांनी तेल सोडले. आवाज बंद झाला. आम्ही दोघेही समाधान पावलो.

सुमारे दोन महिन्यांनी, मोसंबीचे क्रेट भरून गाडी येत असता ते टोक निसटून पडले. लोंबणाऱ्या धक्काशोषकाने आसावरील ब्रेकची नळी तोडली. नाल्याच्या उतारावर ब्रेक लागेना. चालकाने प्रसंगावधान राखून खालचा गिअर घातला, हातब्रेक ओढला व गाडी बांधावर चढविली, म्हणून अनर्थ टळला. तरी मागे क्रेटवर बसलेल्या एका मजूर भगिनीचे मनगट मोडले. कापणी-काढणीचे दिवस, आणि तिचा उजवा हात. तिची त्या हंगामातील मजुरी बुडाली.

मालाच्या गाडीत माणसे बसविणे कायद्यास धरून नाही, आणि ती बसली नसती तर बरे झाले असते, हे खरे. परंतु तेलाचा सल्ला माझा होता, हेही तितकेच खरे. तो का चुकला हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

धक्काशोषकाचे कार्य

पुष्कळांची अशी समजूत असते की, धक्का सोसण्याचे काम धक्काशोषक करतो. वस्तुतः गाडीचा भार व खड्ड्याचा पहिला तडाखा पाट्यांची कमान सोसते. चाक वर उचलले गेले म्हणजे पाटे वाकतात व लगेच परत उसळतात. एकदा उसळलेला पाटा झोपाळ्याप्रमाणे वर-खाली हलतच राहू पाहतो. तो हेलकावा थांबविणे हे धक्काशोषकाचे काम होय.

त्याच्या नळकांड्यात तेल असते, व त्या तेलात एक दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्यास बारीक छिद्रे व झडपा असतात. तेलास त्या अरुंद वाटेने जावे लागल्याने दट्ट्याची गती मंदावते. पाट्याच्या उसळीतील जोर अशा रीतीने तेलाच्या उष्णतेत खर्च होतो. म्हणूनच खडबडीत रस्त्यावरून आलेल्या गाडीचा चांगला धक्काशोषक हातास कोमट किंवा गरम लागतो.

धक्काशोषक निकामी झाला तर चाक जमिनीवर नीट टेकून राहत नाही. ते उड्या मारते. जमिनीवर न टेकलेल्या चाकास ब्रेक लागत नाही व वळणावर गाडी हातात राहत नाही. टायरवर ठिकठिकाणी खळगे पडतात. मालाचेही नुकसान होते. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. परंतु क्रेटमध्ये ठेचकाळलेल्या फळास बाजारात मानांकन उपयोगी पडत नाही.

आवाज कोठून व का येतो

धक्काशोषकाच्या दोन्ही टोकांस कड्या असतात. जीपच्या घडणीत वरची कडी चासीवरील खुंटीत व खालची कडी पाट्याखालील पट्टीच्या खुंटीत बसविलेली असते. कडी व खुंटी यांच्यामध्ये रबराचा बुश असतो. त्याच्या बाहेर वॉशर, नट आणि नट सुटू नये म्हणून फाटकी पिन, असा क्रम असतो.

येथेच बैलगाडी व जीप यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. बैलगाडीचे चाक आखावर घसरत फिरते. तेथे लाकूड व लोखंड, किंवा लोखंड व लोखंड एकमेकांवर घासतात. म्हणून मध्ये वंगण हवे. धक्काशोषकाच्या कडीस मात्र पुरते फिरावयाचे नसते. चाक वर-खाली होताना ती खुंटीभोवती थोडीशीच वळते व परत येते. एवढे वळण रबर आपल्या अंगातच पिळून घेते. त्याची आतील बाजू खुंटीस घट्ट धरून असते, बाहेरची बाजू कडीस घट्ट धरून असते, आणि मधले रबर तेवढे पिळते व सुटते. कोठेही घसरण नाही. म्हणून वंगणाचीही गरज नाही.

कुरकुर ऐकू आली याचा अर्थ रबराची पकड सुटली व ते खुंटीवर घसरू लागले, एवढाच होतो. पकड सुटण्याची कारणे पुढीलप्रमाणे :

१. रबर जुने होऊन कडक झाले किंवा झिजले.
२. नट सैल झाला, किंवा फाटकी पिन गळून पडली.
३. दुरुस्तीच्या वेळी एखादा वॉशर हरवला व तसेच काम उरकले.
४. दुसऱ्याच मापाचा बुश बसविला.
५. खुंटी झिजून बारीक झाली, किंवा कडीचे भोक लांबट झाले.
६. काळ्या मातीची धूळ आत शिरली. ही धूळ सहाणेप्रमाणे काम करते व झीज वाढविते.

अशा ठिकाणी तेल घातले म्हणजे काय होते? घसरण सुलभ होते, म्हणून आवाज थांबतो. परंतु पकड परत येत नाही. शिवाय इंजिनाचे तेल, ग्रीस, डिझेल व रॉकेल हे सर्व खनिज पदार्थ साध्या रबरास घातक आहेत. रबर ते शोषून घेते, फुगते, मऊ होते व काही आठवड्यांत त्याचे तुकडे पडू लागतात. त्यातच नटास पिन नसेल तर कडी निसटण्यास वेळ लागत नाही.

हा रोग तीन पायऱ्यांनी वाढतो. प्रथम कुरकुर ऐकू येते. रबर घसरत असते. मग ठकठक सुरू होते. रबर संपून लोखंड लोखंडावर आपटत असते. शेवटी आवाज एकाएकी थांबतो. टोक निसटलेले असते. तेव्हा दुरुस्ती न करता आवाज आपोआप बंद झाला तर समाधान मानू नये. गाडी ताबडतोब थांबवून खाली पाहावे.

दोष नेमका कोठे आहे हे ओळखणे

चाकाजवळची प्रत्येक कुरकुर धक्काशोषकाचीच असते असे नाही. पाटे एकमेकांवर घासून, शॅकलचे बुश सुकून किंवा यू-बोल्ट सैल होऊनही आवाज येतो. म्हणून प्रथम परीक्षा करावी.

*हालविण्याची परीक्षा.* गाडी सपाट व कठीण जागी उभी करावी. दोघांनी मागील भाग वर-खाली हलवावा व तिसऱ्याने बाजूस उभे राहून ऐकावे. गाडी हलत असता कोणीही तिच्याखाली जाऊ नये.

*पाण्याची परीक्षा.* एका बुशावर पाणी शिंपडून गाडी पुन्हा हलवावी. आवाज काही वेळ थांबला तर दोष तेथेच आहे असे समजावे. न थांबल्यास दुसरा बुश, मग शॅकल, मग पाटे, असे क्रमाने तपासावे. पाण्याने रबरास अपाय होत नाही, हा या परीक्षेचा मोठा गुण आहे.

*हाताची परीक्षा.* गाडी स्थिर उभी असता धक्काशोषक मधोमध धरून जोराने मागे-पुढे व बाजूंना हलवावा. कडी खुंटीवर खुळखुळली तर बुश गेला असे निश्चित समजावे.

*उष्णतेची परीक्षा.* खडबडीत रस्त्यावरून गाडी आणल्याबरोबर चारही धक्काशोषकांच्या अंगास जपून हात लावावा. एखादा इतरांच्या मानाने थंड लागला तर तो काम करीत नाही, असा संशय धरावा.

नळकांड्यावरून तेलाचे ओघळ आले असतील, दांडा वाकला असेल किंवा नळकांडे खोल चेपले असेल, तर केवळ बुश बदलून भागणार नाही. तो धक्काशोषक बदलावा. बदलताना एकाच आसावरील दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे. एक नवा व एक जुना असल्यास गाडी एका अंगास ओढते व ब्रेक मारताना डळमळते.

दुरुस्तीची कृती

पूर्वतयारी म्हणून गाडीच्या कंपनीचा व नमुन्याचा नेमका बुश, वॉशर, नट व नवी फाटकी पिन आणून ठेवावी. जुना बुश दुकानात बरोबर न्यावा. नजरेने माप ठरवू नये.

१. गाडी फरशीवर किंवा चांगल्या ठोकलेल्या जमिनीवर उभी करावी. ओल्या काळ्या मातीवर जॅक खचतो. हातब्रेक ओढून चाकांपुढे व चाकांमागे लाकडी ओंडके लावावेत.

२. जीपची उंची चांगली असल्याने बहुधा गाडी न उचलताच हे काम होते, व तेच सर्वांत सुरक्षित. उचलणे भागच असेल तर केवळ जॅकवर विसंबू नये. चासीखाली भक्कम घोडे किंवा जाड लाकडी ठोकळे द्यावेत. विटा व दगड एकाएकी फुटतात. ते वापरू नयेत.

३. आदल्या दिवशी चिखल धुऊन काढावा. तारेच्या ब्रशाने नटाचे आटे साफ करून गंज सोडविणारे तेल फक्त आट्यांवर लावावे. हा बुश टाकून द्यावयाचा असल्याने येथे तेलाची भीती नाही. जवळचे इतर रबर मात्र सांभाळावे.

४. पिन काढून नट सोडवावा. नट जाम असल्यास धक्काशोषकापाशी ज्योत कधीही लावू नये. त्यात तेल, व कित्येकांत दाबाखालील वायू असतो. तापल्यास तो फुटण्याचा धोका असतो.

५. निघालेले वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवावेत. कोणत्या वॉशरची खोलगट बाजू कोणत्या अंगास होती हेही पाहून ठेवावे.

६. पाट्यांच्या कमानीवरील धक्काशोषकावर गाडीचा भार नसतो, म्हणून तो निर्धास्तपणे उतरविता येतो. परंतु ज्या गाड्यांच्या पुढील चाकांस गुंडाळीची स्प्रिंग असते तेथे आसास किंवा खालच्या भुजेस आधार दिल्याशिवाय धक्काशोषक काढू नये. असे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

७. खुंटी पुसून तिच्यावरून नख फिरवावे. नखास खाच लागली तर खुंटी झिजली असे समजून ती बदलावी. कडीचे भोक लांबट झाले असल्यास नवा बुशही टिकणार नाही.

८. उतरविलेला धक्काशोषक उभा धरून दोन्ही हातांनी सावकाश ताणावा व दाबावा. विरोध सर्वत्र सारखा लागला पाहिजे. पुष्कळ धक्काशोषक दाबण्यापेक्षा ताणण्यास अधिक जड असतात. तो दोष नव्हे. मध्येच हात मोकळा सुटला तर आत हवा शिरलेली असू शकते. उभ्या स्थितीतच पाच-सहा वेळा पूर्ण ताणून दाबल्यास साध्या तेलाच्या धक्काशोषकातील हवा निघते. तरीही पोकळी राहिली तर तो निकामी समजावा.

९. नवा बुश खुंटीवर सहज चढत नसेल तर साबणाचे पाणी लावावे. ते वाळून जाते व रबराची पकड कायम राहते. तेल, ग्रीस किंवा खोबरेल लावू नये. रबराऐवजी पॉलियुरेथेनचा कठीण बुश घेतल्यास त्याच्यासाठी सांगितलेले खास ग्रीसच वापरावे.

१०. वॉशर पूर्वीच्या क्रमाने घालून नट हाताने बसवावा. शेवटची आवळणी गाडी आपल्या चाकांवर, नेहमीच्या उंचीस उभी असतानाच करावी. चाके लोंबत असता नट आवळल्यास रबर त्या स्थितीत पकडले जाते. मग गाडी खाली येताच ते सदैव पिळलेल्या अवस्थेत राहते व लवकर फाटते.

११. साध्या बुशाचा नट, वॉशरच्या दाबाने रबर किंचित फुगलेले दिसेपर्यंत आवळावा. बुशाच्या आत लोखंडी नळी असेल तर ती नळी दोन्ही बाजूंनी पक्की आवळली गेली पाहिजे. आवळणीचे माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते पाळावे.

१२. नवी फाटकी पिन घालून तिचे पाय वाकवावेत. जुनी पिन पुन्हा वापरू नये, व तिच्या जागी तार किंवा खिळा घालू नये.

दुरुस्तीनंतर गाडी प्रथम रिकामी चालवून पाहावी. आठवडाभर कच्च्या रस्त्यावर चालल्यावर नट एकदा पुन्हा तपासावा. ब्रेकची नळी धक्काशोषकास कोठे घासत नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

टाळावयाचे घरगुती उपाय

सैल कडीत सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे, जुन्या चपलेच्या रबराची चकती घालणे किंवा पत्र्याची पाचर मारणे, असे उपाय गावोगाव आढळतात. अडचणीच्या वेळी रिकामी गाडी सावकाश घरी आणण्यापुरते ते क्षम्य आहेत. परंतु पट्टी खुंटीवर घसरते, आणि पाचर खुंटीस कापते. बुशाची किंमत थोडी असते. झिजलेली खुंटी, फुटलेली ब्रेकची नळी व वाया गेलेली फळे यांची किंमत त्याहून कितीतरी अधिक असते.

पाट्यांच्या बाबतीत एक अपवाद सांगणे अवश्य आहे. लोखंडी पाटे एकमेकांवर घासून कुरकुरत असतील तर ते साफ करून त्यांच्यामध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस देता येते. तेथे खरोखर घसरण असते. ज्या गाडीच्या पाट्यांमध्ये रबर किंवा प्लॅस्टिकच्या चकत्या असतील तेथे मात्र हे करू नये. थोडक्यात, लोखंडावर लोखंड फिरत असेल तर वंगण द्यावे, रबर असेल तर देऊ नये. एवढा एक नियम पाठ असला तरी पुष्कळ चुका टळतील.

हंगामवार देखभाल

पावसाळा संपताच, खरिपाचा माल निघण्यापूर्वी, गाडीखालचा चिखल पाण्याने धुऊन बुश, नट व पिना तपासाव्यात. साचलेला काळा चिखल वाळला म्हणजे बुशाभोवती आवळून बसतो व फट झाकतो. धुतल्याशिवाय दोष दिसत नाही. मोसंबीच्या व उसाच्या वाहतुकीच्या दिवसांत दर आठवड्यास हाताची परीक्षा करावी. तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. गाडीच्या क्षमतेपेक्षा अधिक माल भरू नये. फार भाराने पाटे सपाट होतात, धक्काशोषक आतून तळास आपटतो व बुश चिरडतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी आपल्या गावात एखादी गाडी मध्ये उभी करून, पाण्याची व हाताची परीक्षा सर्वांसमोर करून दाखवावी. चालक व शेतकरी यांच्याबरोबर काढणीच्या मजुरांनाही तेथे बोलवावे. गाडीचा आवाज बदलला हे पुष्कळदा त्यांच्याच कानास प्रथम कळते, आणि ते सांगण्याचा संकोच त्यांनी बाळगू नये.

त्या मजूर भगिनीचा हात पुढे बरा झाला. ती आजही मोसंबीच्या काढणीस जाते. त्या शेतकरी बंधूंनी गाडीच्या चारही धक्काशोषकांचे बुश बदलले, आणि मालाबरोबर माणसे नेण्याचे बंद केले. मीही एक शिकलो. कोणत्याही कुरकुरीवर उपाय सुचविण्यापूर्वी, ती कोठून येते हे खाली वाकून नीट पाहावे. आणि जे आपणास ठाऊक नाही त्याबद्दल, अधिकारी असलो तरी, जाणत्या कारागिरास विचारावे.